टेस्ट खोटी नव्हती, बाय

बाय, तुझ्या दहाव्याहून मी चहाही न घेता निघून आले. लोक म्हणाले, धाकटी बहीण ती, तिला सोसवलं नाही. सोसवलं नाही हे खरं, पण ते रडू नव्हतं, संताप होता. तू समोर असतीस तर कडाकडा भांडले असते तुझ्याशी, आणि तू नेहमीसारखं "झाला तुझा? आता पानी पी," म्हणून कामाला लागली असतीस. तू सुटलीस गं. अडकले मी.

काय झालं ते ऐक. बायका हॉलमध्ये बसल्या होत्या. वनिता, तुझी धाकटी जाऊ, भिंतीला टेकून होती. तिच्या छातीतली गाठ काढून महिना होत आला. तूच अंथरुणावरून तिला धीर द्यायचीस. तिची गाठ तुझ्याच प्रकारची निघाली. डॉक्टरीणबाईही त्याच. त्यांनी तिलाही तीच टेस्ट करायला सांगितलंय, गाठीचा तुकडा परदेशात पाठवून करतात ती. कोणीतरी तिला विचारलं, कधी पाठवताय? तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी नाय करनार. बायनं केली होती ना? किमो नको, असा रिपोर्ट आला होता ना? मंग कशी गेली बाय? टेस्ट पन खोटी, डॉक्टर पन खोटं. मी गोळ्या पन बंद केल्या."

बायकांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण त्या टेस्टचा नाद तुला लावणारी मी. पनवेलच्या शाळेतली मास्तरीण, जिला सगळं कळतं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुझी शपथ होती ना.

टेस्ट खोटी नव्हती. खोटी तू होतीस. आणि हे जगात मला आणि डॉक्टरीणबाईंना, दोघींनाच ठाऊक आहे.

आई सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची आणि मी तुझ्या गळ्यात. माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्या उवा तू काढल्यास, मला पाढे येत नाहीत म्हणून मला बदडलंस, तुला स्वतःला येत नसताना. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा रोज येणंजाणं जमेना, तर भावोजींना न विचारता माझी ट्रंक स्वतःच्या सासरी नेऊन ठेवलीस. सासू काय म्हणाली ते तू मला कधी सांगितलं नाहीस. त्यावरूनच मला कळायला हवं होतं, की तुला न सांगण्याची सवय आहे.

माझ्या लग्नात सासरची माणसं भटजी घेऊन आली. शहरातली माणसं, त्यांना धवला म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आपल्यात भटजी नसला तर चालतं, पण लग्नाची गाणी म्हणून एकेक विधी पुढे नेणारी धवलारीण नसली तर मांडव मुका. तू सरळ भटजींना म्हणालीस, "काका, तुमी बसा. तुमचा झाला की मी, माझा झाला की तुमी." आणि काका बसले की गं! माझी सासू आजही ती गोष्ट सांगते. तू उभी राहायचीस, डोक्यात अबोलीची भरगच्च वेणी, मागे वनिता. तू ओळ टाकायचीस, ती उचलायची. उरणपासून माणसं तुला न्यायला यायची. तुझं नाव घरात सोडलं तर कोणी घेत नसे, सगळ्यांची तू बाय.

मग ती गाठ. कोलंबी सोलता सोलता म्हणालीस, "इथं कायतरी कडक लागतंय गं," जणू भांड्याला पोचा आलाय. मी हात लावला आणि कोलंबी तशीच टाकून तुला उठवलं. तपासण्या झाल्या, मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, काखेत पसरलेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोनच्या गोळ्या तर घ्यायच्याच आहेत, प्रश्न किमोचा आहे. काहीजणींना त्याचा खरंच उपयोग होतो, काहीजणींना नुसता त्रास होतो, आणि वरून बघून ते कळत नाही. म्हणून गाठीतली जनुकं तपासायची. ही गाठ परत उद्भवण्याच्या स्वभावाची आहे का, ते त्यावरून बरंचसं समजतं.

भावोजी घाबरले. जनुकं म्हणजे रक्त, रक्तात खोट निघाली असा घराला बोल लागला तर पुतण्यांची लग्नं कशी व्हायची? मी म्हटलं, "अहो भावोजी, हिची नाही, गाठीची पत्रिका काढतायत." तू लगेच, "मंग मंगळ हाय का त्ये पन बगायला सांग." डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. कॅन्सरच्या दवाखान्यात इतकं कोणी हसतं का? पण तू असलीस की कुठेही हळदीचं घर व्हायचं.

घरी आल्यावर मात्र वाद झाला. तुला किमो नकोच होता. मी म्हटलं, तू डॉक्टर नाहीस, मीही नाही. टेस्ट काय म्हणेल ते करायचं. घ्या म्हणाली तर घ्यायचा, नको म्हणाली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. तू पदराला हात पुसलास. मग माझ्या हातावर टाळी देऊन म्हणालीस, "जा, दिला शब्द."

बाय, तू शब्द दिला होतास.

रिपोर्ट घ्यायला शनिवारी जायचं ठरलं होतं. मी रजा टाकली होती. तू शुक्रवारीच एकटी गेलीस, भावोजींनाही न घेता, आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी. हातात बोंबलांची पिशवी. "नाय सांगितला गं किमो. नुसत्या गोळ्या." मी तुझ्या गळ्यात पडले. म्हटलं, उद्या जायचं होतं ना? म्हणालीस, "तुझी रजा वाचली, बोंबील साफ कर." मी रिपोर्ट बघायला मागितला नाही. पोरांच्या वहीत अनुस्वार चुकला तरी लाल रेघ ओढणारी मी, पण तू सांगितलंस म्हटल्यावर मला कागद कशाला हवा होता?

दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले. त्यानंतर तर मला ऊतच आला. स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवात, पालकसभा संपल्यावर, जिथे तिथे मी सांगत सुटले की माझ्या बहिणीची जनुकांची टेस्ट केली आणि किमो वाचला. एका मुलाच्या आईला मी स्वतः घेऊन गेले डॉक्टरीणबाईंकडे. तिला टेस्टने किमो घ्यायला सांगितला. ती माझ्याकडे बघून रडत म्हणाली, "मॅडम, तुमच्या बहिणीचं नशीब चांगलं." मी तिला समजावलं, टेस्टवर विश्वास ठेवा, घ्या. तिने घेतला. तू तेव्हा माझ्याच घरी होतीस, आत भाकऱ्या थापत होतीस. सगळं ऐकलंस आणि थापत राहिलीस. कमाल आहे गं तुझी!

ते वर्ष कुठलं होतं ते आता समजतं. विमानतळासाठी गाव उठायचं नक्की झालं होतं. डोंगर फोडायला सुरुंग लागायचे आणि मांडणीवरची भांडी वाजायची. जो तो म्हणे, नव्या वसाहतीत जायच्या आत पोरांची लग्नं आपल्या दारात, आपल्या देवासमोर उरकून घेऊ. जिथे दहा लग्नं व्हायची तिथे दारोदार मांडव पडले. आणि प्रत्येक मांडवात तू. मी सुट्टीच्या दिवशी यायचे, कोपऱ्यात बसून तुझ्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बघा, माझी बहीण कॅन्सरला लोळवून उभी आहे. डोक्यात वेणी, कपाळभर कुंकू, आवाज तसाच खणखणीत. मला रडू यायचं. काय वेडी होते मी!

गाव उठलं. देऊळसुद्धा नव्या जागी गेलं. तुम्हाला ही टाईल्सवाली घरं मिळाली. दोनेक वर्षं बरी गेली आणि तुझी पाठ धरली. तू तेल लावत बसलीस. तपासलं तर हाडात.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी काय तमाशा केला तो तू बघितलास. टेबलावर हात आपटून म्हटलं, "तुमच्या टेस्टवर आम्ही जीव टाकला! तुम्ही म्हणालात किमो नको, म्हणून नाही घेतला. आता हाडात कसं आलं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग तुझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरी सांगितलं नाहीत?"

तू मांडीवरची पर्स उघडलीस, बंद केलीस. "नाय सांगितला."

एवढंच. दोन शब्द. टेस्टने किमो घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यांनी दोनदा समजावलं होतं, घरच्यांना घेऊन या म्हणाल्या होत्या, फोनही केले होते. तू नको म्हणून आलीस, आणि येताना बाजारातून बोंबील घेतलेस.

परतीच्या टॅक्सीत खाडीचा पूल आला. मग म्हटलं, का? तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "केस गेले असते गं. भादरलेल्या डोक्यानं मांडवात कशी उभी राहनार होते? नवरीच्या म्होरं? लोक बोलवायचेच बंद झाले असते. आनि गावातली शेवटची लग्नं ती. पुन्ना कुठं व्हनार होती?"

मी ओरडले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. म्हटलं, मला सांगायचंस! मी अख्ख्या गावाशी भांडले असते, कोण माईचा लाल तुला मांडवातून उठवतो ते बघितलं असतं. तू म्हणालीस, "तू भांडली असतीस म्हनूनच नाय सांगितला. गावाशी नाय, माझ्याशी भांडली असतीस. आनि मी हरले असते. तुझ्याफुडं मी नेमी हरते."

खोटं! अगदी खोटं. मी कधी जिंकले तुझ्याशी? ट्रंकेच्या वेळी? भटजींच्या वेळी? त्या शुक्रवारी?

मग तू माझा हात धरून शपथ घातलीस. भावोजींना नको, वनिताला नको, कोणाला नको, तू गेल्यावरही नको. "लोक म्हनतील, बायनं सोताच्या हातानं मरन आनला. ह्ये मला नको." मी हो म्हटलं. रागात म्हटलं, पण म्हटलं.

आणि बाय, शेवटी केस गेलेच ना? आजार परत आल्यावर त्यांनी गोळ्या बदलल्या, पुढे किमोही द्यावाच लागला. तू टॉवेल बांधून खोलीत बसायचीस. वसाहतीत लग्न निघालं तेव्हा नवरीची आई गाडी घेऊन दारात आली, म्हणाली, "बाय, टोपी घाल, पदर घे, तशीच ये, पन तुझ्याबिगर हळद लागनार नाय." तू गेली नाहीस. मी तिथेच होते. लोक तुला बोलावत होते गं. ज्या लोकांना तू भ्यायलीस ते दारात गाडी घेऊन उभे होते, आणि तू पलंगावर पाठ फिरवून पडलीस. त्या दिवशी मी तुझ्यावर जितकी चिडले तितकी त्या टॅक्सीतही चिडले नव्हते. मोरीत नळ सोडून रडले.

वेळेवर किमो घेतला असतास तर वाचली असतीस, असं डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे म्हणत नाहीत. म्हणाल्या, शक्यता बरीच वाढली असती, हमी कोणीच देत नाही. मला मान्य आहे. जीव तुझा, केस तुझे, गाणी तुझी. तुझं गणित मला पटत नाही, पण ते कळतं. त्या हंगामात तुला बघणाऱ्या पोरींना पुढे आयाबाया झाल्यावरही तू आठवशील, हेही कळतं. त्याबद्दल मी तुला कधीतरी माफ करीन.

पण शुक्रवार? तू मला त्या खोलीत येऊ दिलं नाहीस, ते कसं विसरू? तुझ्या शेजारची खुर्ची माझी होती. आईच्या आजारपणात ती तू घेतलीस, मला लहान म्हणून बाहेर बसवलंस. मी पस्तिशी ओलांडली, दोन पोरं वाढवली, तरी बाहेरच. तुझ्या सुखात मी करवली, आणि दुःखात परकी. हे कोणाला सांगू?

इथवर लिहून दोन दिवस मी कागद बाजूला ठेवले होते. आज तुझा बारावा झाला.

जाताना मनाशी ठरवलं होतं, गप्प राहायचं. जेवणं झाली. वनिता ताटं उचलायला वाकली आणि तिने ऑपरेशनच्या बाजूचा हात पोटाशी धरला, तू धरायचीस तसाच. कोणीतरी म्हणालं, आता त्या बाबाचं औषध घे, कर्जतकडे कोण देतो ते. वनिता म्हणाली, "व्हय, सोमवारी जातंय."

लहानपणी तू मला सांगायचीस, शपथ मोडली की जिची घेतली ती मरते. मी मनात म्हटलं, आता काय मरणार आहे माझी बाय?

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, बोंबील, टॅक्सी, केस, सगळं. टेस्टने बरोबर सांगितलं होतं, बायने ऐकलं नाही, आणि आपल्या सगळ्यांना फसवलं. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता.

भावोजी दारात उभे होते. म्हणाले, "मलाबी नाय सांगितला तिनं?" मी मान हलवली. ते चपला न घालता बाहेर गेले आणि रस्त्यावर नुसते उभे राहिले. हे तुझ्यामुळे, बाय. हे मी तुझ्या वाटणीला टाकते. माझ्या नाही.

वनिता मात्र माझ्यावर धावून आली. "टेस्ट खरी करायला मेलेल्या मानसाला खोटा पाडतेस? बारावा तरी सरू द्यायचा! लाज नाय वाटत?" मी म्हटलं, वाटते. डॉक्टरीणबाईंना विचार. मग एकदम आवाज पडला तिचा. "केसांसाठी?" म्हणाली. "बाय केसांसाठी नको म्हनली?" मी हो म्हटलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला, आणि ती आत निघून गेली.

मी रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभी होते. ती मागून आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाबी त्येच भ्या हाय. बायच्या मागं आता मीच हाय गानारी. टेस्ट खोटी असती तर बरा झाला असता."

मी म्हटलं, "वनिता, टेस्ट कदाचित म्हणेल किमो लागणारच नाही. कदाचित म्हणेल लागेल. लागेल म्हणाली आणि तुला नको असेल, तर नको म्हण. मी हात धरणार नाही. भांडेन, पण हात धरणार नाही. फक्त मी शेजारच्या खुर्चीत असताना म्हण. माझ्या तोंडावर म्हण."

ती फाटकाची कडी वरखाली करत राहिली. रिक्षा आली, मी बसले.

"बगू," म्हणाली.

बगू. एवढं तरी म्हणायचंस ना गं, बाय, तू मला.